गेर्गेयच्या दिवसाची अंडी

वेस्ट विंडसरमधला खिडक्यांचा व्यापारी ग्रेग बार्टा मूळचा गेर्गेय, रुमानियातला हंगेरियन. अमेरिकेत येऊन आधी त्याने लोकांच्या खिडक्या पुसल्या, मग विकल्या. तिकडे तो हंगेरियनांच्या वतीने गावच्या कौन्सिलात बसायचा, इकडे टाउनशिप कमिटीत. वारा येईल तशी पाठ द्यायची कला दोन्हीकडे कामी आली.

त्याचं ऑफिस उत्तरा सांभाळायची. बारा मार्च हा गेर्गेय नावाच्या माणसांचा दिवस, हे त्यानेच तिला हौसेने सांगितलं होतं. त्या दिवशी शाळेतली मुलं गाणी म्हणत दारोदार फिरतात, शाळेसाठी नवी मुलं गोळा करतात आणि घरोघरी त्यांना अंडी मिळतात. एक गोष्ट मात्र त्याने गिळली होती. गावची हंगेरियन शाळा बंद करायच्या ठरावाला त्यानेच हात वर केला होता.

१९८५च्या अकरा मार्चला कमिटीपुढे उत्तराचा अर्ज आला. रविवारच्या मराठी वर्गासाठी तिला टाउनशिपचा हॉल हवा होता. "माझं मत तुलाच," असा शब्द ग्रेगने दिला होता. पण आसपासचे लोक पार्किंगवरून कुरकुरत होते आणि नोव्हेंबरात निवडणूक होती. मतं दोन विरुद्ध दोन झाली. सगळे त्याच्याकडे बघू लागले आणि त्याचा हात विरोधात वर गेला. तिसऱ्या रांगेतल्या उत्तराकडे बघायची हिंमत त्याला झाली नाही.

दुसऱ्या दिवशी तो तोंड लपवून घरीच बसला. संध्याकाळी बेल वाजली. दारात उत्तरा आणि चार मुलं. या दिवशी आमंत्रण लागत नाही, हेही त्यानेच सांगितलेलं.

"क्लास आता आमच्या बेसमेंटमध्ये घेतोय," ती म्हणाली. "मुलं गोळा करत फिरतोय. तुमचीच आयडिया."

"एनी किड्स फॉर अवर क्लास?" एका मुलीने विचारलं.

ग्रेग शरमेने अर्धा झाला. "उत्तरा, काल माझाच हात होता."

"मी तिथेच होते."

"असा हात मी पहिल्यांदा वर केला नाही." आणि गावच्या शाळेचं त्याने दारातच सांगून टाकलं.

"त्याची माफी मी कशी देणार, ग्रेग?" उत्तरा म्हणाली. "मुलं थांबलीयत. अंडी द्या."

त्याने फ्रिजमधली सगळी अंडी आणून मुलांच्या हातात ठेवली. शाळा बंद झाली त्या वर्षीही त्याच्या आईने दाराशी टोपलीभर अंडी काढून ठेवली होती. अंधार पडेपर्यंत ती टोपलीशेजारी बसून राहिली. एकही मूल आलं नाही.