मालाच्या काट्यावर

मला पहिल्यांदा मालाच्या काट्यावर चढवलं तो सोमवार होता. गोदामाच्या दारात पॅलेट उतरत होते. ऑपरेशन्सचे सर वरच्या ऑफिसातून खाली आले, त्यांच्यामागे एचआरच्या मॅडम टॅब घेऊन. वरचा काचेचा वजनकाटा त्या सकाळी तडकला होता. सर म्हणाले, "अरे, एवढा मोठा काटा आहे ना आपल्याकडे. चल, चढ."

हा काटा जमिनीत बसवलेला आहे. लोखंडी पत्रा, चारी बाजूंनी पिवळा पट्टा. फोर्कलिफ्ट अख्खा पॅलेट आणून त्यावर ठेवते. मी चढले. चपला काढून चढले. का काढल्या ते माहीत नाही, देवळात काढाव्यात तशा काढल्या. हमालांचे हात थांबले. मागून कोणीतरी ओरडलं, "पॅलेटचं वजन वजा करा रे!"

सर हसले. मॅडमनी हसू दाबलं आणि मग म्हणाल्या, "नॉट नाइस, हां." आणि टॅबवर लिहिलं, शहाऐंशी.

"बाकीच्यांचं उद्या करू," सर म्हणाले. बाकीच्यांपैकी कोणीही त्या काट्यावर चढलं नाही. दुसऱ्या दिवशी वर नवा काचेचा काटा आला. माझ्यासाठी मात्र खालचाच ठरला. मॅडम म्हणाल्या, "तुला सोयीचं ना डिअर, तू तिथेच असतेस."

मला काही वाटलं नाही. मी खंबीर आहे म्हणून नव्हे. काही वाटायचंच नाही. हात झोपल्यावर चिमटा काढला तरी कळत नाही, तसं ते होतं. मी चपला घातल्या आणि पुढचा पॅलेट घेतला.

मी द्रोणागिरीच्या एका गोदामात वजनाची कारकून आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या मालाचं वजन करायचं, पावती काढायची, सह्या घ्यायच्या. सहा वर्षं हेच करते. वरच्या ऑफिसात कागदपत्रांचं एक टेबल रिकामं झालं होतं. तिथलं सगळं काम मला येतं. वरचे लोक अडले की फोन मलाच करतात. मी सरांना विचारलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. म्हणाले, "काम येतं गं तुला. पण वर क्लायंट येतात. जरा प्रेझेंटेबल हवं. आपला फिटनेस चॅलेंज चालू आहे ना, त्यात नाव दे. दहा किलो कमी कर, मग बघू."

ते टेबल मला हवं होतं. म्हणून मी काट्यावर चढले. बाकी काही कारण नव्हतं.

मी पनवेलला भाड्याच्या खोलीत राहते, आई आणि मी. पहाटे पाचला उठायचे. तळ्याला सहा फेऱ्या. घरी येऊन दोरीवरच्या उड्या, खालच्या वहिनी ओरडेपर्यंत. मग पळस्प्याच्या फाट्यावर कंपनीची बस. एक दिवस चुकवला नाही. ताप होता तेव्हाही चार फेऱ्या मारल्या.

खाणं मोबाइलमधल्या ॲपमध्ये लिहायचं, असा चॅलेंजचा नियम होता. मी लिहायचे. मोजणं हे माझं कामच आहे. मी स्वयंपाकघरासाठी छोटा काटा आणला. नाचणीची भाकरी एक, पीठ आधी तोलून. तेल चमच्याने. सुकट त्या ॲपला माहीतच नव्हतं. मी त्याला दुसऱ्या नावाने शोधून काढलं आणि ग्रॅममध्ये लिहिलं. आई बघत राहायची. म्हणायची, "सोनं तोलते का काय गं बाय?"

दर शनिवारी बाजारातल्या मेडिकलच्या दुकानाबाहेर जो काटा आहे, त्यावर मी वजन करायचे. तो आकडाही ॲपमध्ये जायचा आणि वर सगळ्यांना दिसायचा. सुरुवातीला शहाऐंशी किलो आठशे. तीन महिन्यांनी पंच्याऐंशी किलो दोनशे. तीन महिन्यांत दीड किलोच्या थोडं वर. एवढ्या फेऱ्या, एवढ्या उड्या, एवढं पोट मारून इतकंच. का, ते मला आजही कळलेलं नाही. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं, म्हणाल्या, सगळं ठीक आहे, काहींचं हळूच उतरतं, सोडू नका. मी सोडलं नाही.

पण सोमवारी खाली गोदामात आकडा यायचा, शहाऐंशी. पुढच्या सोमवारी शहाऐंशी. त्याच्या पुढच्याही.

कारण मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तो काटा टनांचा आहे. दोन-दोन किलोच्या टप्प्याने आकडा दाखवतो. शहाऐंशीनंतर थेट चौऱ्याऐंशी, मधलं काही त्याला दिसत नाही. दोन-चार किलोची पार्सलं आम्ही त्यावर कधीच ठेवत नाही, त्यांना वेगळा काटा आहे. गोदामातल्या नव्या हमालालाही हे पहिल्या दिवशी सांगतात. मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "निमित्तं नकोत." मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "पॉझिटिव्ह राहा."

वर पॅन्ट्रीच्या भिंतीवर तक्ता लावला होता. ज्याचं उतरलं त्याला हिरवा ठिपका, ज्याचं नाही त्याला लाल. वरच्या काचेच्या काट्यावर मॅडमचे चारशे ग्रॅम उतरले तेव्हा टाळ्या वाजल्या. माझ्या नावापुढे लाल ठिपके. मी चहा आणायला वर जायचे तेव्हा ते दिसायचे. मग मी चहा सोडला. ॲपमध्ये तेवढ्या कॅलरी कमी झाल्या.

अकरा सोमवार असे गेले. बाराव्या सोमवारी सर आकडा बघून माझ्याकडे न बघता मॅडमना म्हणाले, "झीरो. सलग बारा आठवडे. ही ॲपमध्ये खोटं लिहिते."

मग माझ्याकडे वळले. "कातकरी ना तू? तुमची माणसं तर काटकुळी असतात. तू काय सगळ्या वाडीचं एकटीच खाल्लंस?"

हमालांत एक जण हसला. बाकीचे हसले नाहीत. फोर्कलिफ्टवाले कादरभाई मशीन बंद करून दुसरीकडे बघत बसले. मी उतरले. हात नेहमीसारखे चालत होते. त्या दिवशी मी किती पॅलेट केले ते रजिस्टरला आहे, पण मला एकही आठवत नाही.

संध्याकाळी घरी आले. आईने ताट वाढलं, मी हात लावला नाही. आईने विचारलं म्हणून सांगितलं. काटा, तक्ता, लाल ठिपके, सर काय म्हणाले ते जसंच्या तसं. तीन महिन्यांत पहिल्यांदा सांगितलं. आई उठली, पत्र्याच्या पेटीतून एक कागद काढला आणि माझ्यासमोर ठेवला.

अंगणवाडीचं कार्ड. माझं. वाकडं झालेलं, कडा खाल्लेल्या. त्यावर लाल खूण.

आमची वाडी कोन गावाच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला. अर्धं वर्ष आईबाप वीटभट्टीवर, मी तिथेच विटांच्या सावलीला. पावसाळ्यात वाडीवर आलो की अंगणवाडीत वजन व्हायचं. कापडाच्या झोळीत पोराला घालून वर काट्याला टांगायचं. माझे पाय झोळीतून खाली लोंबायचे, एवढं मला आठवतं. एकदा कोणी मोठे साहेब बघायला आले होते. नाकाला रुमाल. त्यांनी कार्डावरची लाल खूण पाहिली आणि सगळ्यांसमोर आईला म्हणाले, "पोरीला खायला घालत नाही काय? पिऊन पडता नुसते."

आई आयुष्यात प्यायली नाही. त्या दिवशी तिच्या पोटातही काही नव्हतं. ती खाली मान घालून उभी राहिली. मी झोळीत होते. साहेबांनी माझा फोटो काढला.

"जपून ठेवलंय कशाला हे?" मी विचारलं.

"सरकारी कागद हाय." मग म्हणाली, "तवा वजन नाय म्हनून आमाला शिव्या. आता हाय म्हनून तुला. त्यांना वजनाशी काय करायचं नाय गं बाय. त्यांना फकस्त आपल्याला टांगायचं हाय."

मी ताटाकडे बघितलं. मग जेवले. जेवून झाल्यावर सगळं ॲपमध्ये लिहिलं, ग्रॅमसकट. मी खोटं लिहिते, असं सर म्हणाले होते. मी आयुष्यात एक पावती चुकीची काढलेली नाही.

मला राग आला का? लोक विचारतात. राग आला असता तर बरं झालं असतं. मला फक्त एक गोष्ट स्पष्ट दिसत होती. वजनकाट्यावर जे काही चढतं त्याचा एक नियम आहे, आणि तो नियम गोदामात माझ्याइतका कोणाला पाठ नाही.

तेराव्या सोमवारी सर आणि मॅडम खाली आले. मी आधीच काट्यावर उभी होते. चपला घालून. शेजारच्या खांबावरचं यंत्र माझ्या हाताला लागतं. मी नोंद केली. नग, एक. मालाचं वर्णन, माणूस. पाठवणारा विभाग, वरचं ऑफिस. बटण दाबलं. पावती करकर करत बाहेर आली. शहाऐंशी किलो.

मी पावती सरांपुढे धरली. "सर, सही."

"हे काय?"

"काट्यावर चढलेल्या नगाची पावती निघते. पाठवणाऱ्याची सही लागते. सहीशिवाय नग काट्यावरून हलत नाही. नियम तुम्हीच काढलाय."

त्यांनी पावती वाचली. 'माणूस' हा शब्द त्यांनी वाचला हे मला त्यांच्या डोळ्यांवरून कळलं.

"ड्रामा करू नकोस. उतर खाली."

"सही करा, उतरते."

मॅडम म्हणाल्या, "डिअर, प्लीज." मी त्यांच्याकडे बघितलं नाही. बाहेर दोन ट्रक लागले होते. कादरभाईंनी पॅलेट उचलून आणला आणि पिवळ्या पट्ट्यापाशी थांबवला. काट्यावर मी, म्हणून पुढे येता येईना. हॉर्न वाजला. कोणी हसलं नाही. पहाटेच्या सहा फेऱ्यांनी हे एक केलं होतं, मला उभं राहता येत होतं.

सरांनी पेन खिशातून काढलं, पुन्हा खिशात ठेवलं. "तुझं वरचं टेबल विसर," म्हणाले. आणि निघून गेले. मॅडम टॅब छातीशी धरून त्यांच्यामागे.

सही नाकारली तर काय करायचं, तोही नियम आहे. पावतीवर लिहायचं 'सहीस नकार', वेळ टाकायची, एका साक्षीदाराची सही घ्यायची. मी लिहिलं. वेळ टाकली. सरांकडे पहिल्यांदा सही मागितली तेव्हापासून अकरा मिनिटं झाली होती. कादरभाई फोर्कलिफ्टवरून उतरले. "ला बेटी, कलम दे." त्यांनी उर्दूत सही केली, खाली इंग्रजीतही केली. "दोनों रख. बाद में कोणी बोलायला नको, वाचता आलं नाय म्हणून."

मग मी काट्यावरून उतरले. पॅलेट वर आला. मी त्याचं वजन केलं.

त्या दिवशीच मॅडमना लेखी कळवलं की चॅलेंजमधून माझं नाव काढा. तक्त्यावरचं नाव निघालं, जागा तशीच राहिली, कारण खालचं कागदी टेप निघेना. मुख्य ऑफिसला टेबलासाठी अर्ज पाठवला. काय येतं, किती वर्षं केलं, कोणाची कामं अडल्यावर मी पुरी केली, सगळं. सोबत पावतीची प्रत. उत्तर अजून आलेलं नाही. येईल असंही काही नाही. नाही आलं तर पुन्हा अर्ज करीन, तीच प्रत जोडून. पावती जुनी होत नाही.

तळ्याच्या फेऱ्या चालू आहेत. भाकरीचं पीठ मी अजून तोलते. आईचे गुडघे गेले आहेत, माझे मला राखायचेत. शनिवारी मेडिकलच्या दुकानाबाहेर काट्यावर उभी राहते. गेल्या शनिवारीही राहिले. आकडा आला, मी वाचला, उतरले.

तो आकडा मी इथे लिहिणार नाही. आतापर्यंतचे सगळे सांगितले, कारण ते आधीच चव्हाट्यावर टांगलेले होते. हा माझा आहे. यापुढचेही माझेच राहतील.