गैरहजेरीच्या बाई

कॉलेजच्या सहलीची बस परत निघायच्या वेळी कुणीतरी दारात उभं राहून डोकी मोजायचं आणि "बेचाळीस, सगळे आले" असं जाहीर करायचं. त्यावर पुढच्या सीटवरून आवाज यायचा, "बेचाळीस राहू द्या. कोण नाय ते सांगा." मग बाई चष्मा डोक्यावर चढवून मागं वळायच्या, एकेका चेहऱ्यावरून नजर फिरवायच्या आणि विचारायच्या, "ती हिरव्या ओढणीची कुठंय?" हिरव्या ओढणीची खरोखरच अजून लेण्यात फोटो काढत असायची, आणि बेचाळिसावं डोकं ड्रायव्हरच्या मेव्हण्याचं निघायचं.

बाई आमच्या ऑफिसात सीनियर क्लार्क होत्या. प्रवेशाचं रजिस्टर, दाखले, हजेरीपत्रकं हे सगळं त्यांच्याकडं. अशी एक व्यक्ती तुमच्याही ऑफिसात असेल. ती रजेवर गेली की कपाटाची किल्ली सापडत नाही, आणि ती असते तेव्हा तिला कुणी चहा विचारत नाही. त्या सोयगावकडच्या, मेंढपाळाच्या घरातल्या. "आमच्या दादाला ईसच्या पुढं मोजता यायचं नाय," त्या सांगायच्या. "पर सांजच्याला कळपात एक कमी असलं तर लगीच कळायचं. अन् कोणतं कमी हाय ते बी." आम्ही पदव्युत्तर मंडळी हे ऐकून कौतुकानं हसायचो. आम्हाला कोट्यवधीपर्यंत मोजता येत होतं आणि आपल्या वर्गात कोण बसतं हे माहीत नव्हतं.

मी भूगोल शिकवतो, बीएलाही आणि बीएस्सीलाही. शिवाय, कुणालाच नको असलेलं काम म्हणून, मूल्यांकन समितीसाठी लागणारा वार्षिक अहवालही मीच लिहायचो. त्यात एक रकाना होता: विद्यार्थी मधेच का सोडून जातात? मी दरवर्षी लिहायचो, "सामाजिक व आर्थिक कारणांमुळे." बाई दरवर्षी ते टाइप करायच्या. एका वर्षी त्यांचे हात कीबोर्डवर थांबले.

"सर, म्हंजी काय?"

"म्हणजे आपल्याला माहीत नाही," मी म्हणालो. फार दिवसांनी मी कॉलेजात एक खरं वाक्य बोललो होतो.

पुढच्या महिन्यात बाईंनी एका लांबच्या विद्यापीठाच्या ऑनलाइन पदव्युत्तर अभ्यासक्रमाला नाव घातलं. विषय संस्थात्मक संशोधन. कॉलेजनं स्वतःच्याच आकड्यांकडं नीट बघायचं, कोण येतं, कोण गळतं, का गळतं ते शोधायचं आणि त्यावरून कारभार सुधारायचा, असा तो विषय. वयाची छप्पन्न वर्षं झालेली, निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष राहिलेलं. आमच्या स्टाफरूममध्ये आठवडाभर करमणूक झाली. संस्थेच्या अध्यक्षांना मात्र घाम फुटला. क्लार्क संस्थेवर संशोधन करतेय म्हणजे हिला नक्की कुणी फूस लावली, असं त्यांनी प्राचार्यांना तीनदा विचारलं.

शनिवारी दुपारी रेकॉर्ड रूममध्ये शाईच्या पॅडला मोबाइल टेकवून बाई वर्गाला बसायच्या. पडद्यावर देशभरातले कुलसचिव, उपकुलसचिव, टाय लावलेली माणसं. शिकवणारे मास्तर बाईंच्या मुलाच्या वयाचे. त्यांनी एकदा प्रत्येकाला विचारलं, तुमच्या संस्थेचा डेटा कुठं साठवलेला असतो? बाकीचे काय काय नावं सांगत होते. बाईंनी मोबाइल उचलला आणि लाल फडक्यात बांधलेल्या गठ्ठ्यांचं कपाट दाखवलं. "वाळवी वरच्या कप्प्यात हाय," त्या म्हणाल्या, "खालचं सगळं ठीक हाय."

त्याच वर्षी दोन गोष्टी एकदम आल्या. पाऊस आला नाही आणि अंगठ्याचं मशीन आलं.

पाऊस आधीच्या वर्षीही धड आला नव्हता. शहर मात्र वाढतच होतं. पडेगावच्या पुढं, दौलताबादच्या रस्त्याला प्लॉटवर प्लॉट पडत होते, आणि महापालिकेचा पाइप मागंच कुठंतरी दम खात थांबला होता. तिथं टँकर जायचा. आता हे मी सांगतोय, कारण मी भूगोलाचा माणूस. पण तेव्हा हे माझ्या डोक्यात फक्त परीक्षेच्या उत्तरासारखं होतं.

मशीनचं असं, की तोवर आम्ही प्राध्यापक महिनाअखेरीला एका बैठकीत, एका पेनानं, चिवडा खात सगळ्या वर्गाची हजेरी लावायचो. सगळी मुलं सगळे दिवस हजर. आळस तर होताच, पण त्यात थोडी माया पण होती. नव्या प्राचार्यांनी ते बंद केलं. मुलं असोत की कर्मचारी, अंगठा लावाल तरच हजर. मशीननं पहिल्याच सत्रात यादी काढली. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाच्या अकरा मुली, हजेरी कमी, परीक्षेला बसू देऊ नये. हजेरी समितीचा प्रमुख म्हणून खाली सही करायची होती. मी केली.

बाई ती यादी घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. चष्मा डोक्यावर.

"सर, सही तुमचीच ना?"

"माझीच."

"वाचलं व्हतं?"

मी म्हणालो, नियमच आहे. त्या म्हणाल्या, "नियम मी इचारला नाय," आणि खुर्ची ओढून बसल्या. मशीननं नावं हजेरी क्रमांकानं लावली होती. बाईंनी ती आठवड्याच्या वारानं लावली. अकराही जणी मंगळवारी आणि शुक्रवारी गैरहजर होत्या, बाकीचे दिवस हजर. मग बाईंनी प्रवेशअर्जावरचे पत्ते काढले. अकराही जणी पडेगावच्या पुढच्या एकाच नव्या वसाहतीतल्या. "तिथं टँकरचे वार कोणते हायेत, ठाव हाय का तुमाला?" त्यांनी विचारलं. मला ठाव नव्हतं.

शनिवारी त्यांनी हे वर्गात मांडलं. मास्तर खूश झाले, पण म्हणाले, दोन गोष्टी बरोबर दिसतात म्हणून एकीमुळं दुसरी होते असं म्हणता येत नाही, पडताळणी करा. बाईंना ते पटलं. मंगळवारी सकाळी त्या माझ्या स्कूटरच्या मागं बसल्या. मी नको म्हणत होतो, पण सही माझी होती.

वसाहतीच्या तोंडाशी निळ्या ड्रमांची रांग होती आणि प्रत्येक ड्रमाजवळ एक मुलगी. टँकर नऊला यायचा म्हणे, अकरा वाजले तरी पत्ता नव्हता. आई कंपनीत, बाप बांधकामावर, धाकटी शाळेत. घरी उरायची ही. आज ड्रम भरला नाही तर शुक्रवारपर्यंत घरात पाणी नाही. एकीनं ड्रमाच्या झाकणावर रसायनशास्त्राची वही उघडली होती. मला बघून ती घाईनं उठली.

"सर, प्रॅक्टिकल हाय ना आज? मला म्हाईत हाय. पर टँकरच आला नाय अजून."

ती माझी माफी मागत होती. मला लाज वाटली. वर्षानुवर्षं मी जलस्रोतांचं वितरण हे प्रकरण शिकवत होतो, आणि ज्यांना शिकवत होतो त्यांना टँकरपाशी उभं राहावं लागतं म्हणून मी परीक्षेतून काढलं होतं.

प्राचार्य वाईट माणूस नव्हते, घाबरलेले होते. मूल्यांकन समिती तोंडावर आलेली, भिंतींना रंग लागलेला, कुंड्या भाड्यानं आणलेल्या. बाईंनी सगळे कागद टेबलावर मांडले आणि सांगितलं, प्रॅक्टिकलचे वार बदला आणि टँकरच्या दिवसांची गैरहजेरी धरू नका. "नियमात पाणी कुठंय, बाई?" प्राचार्यांनी विचारलं.

बाईंनी अहवालाचं एक पान उलटलं. त्यात 'संस्थेनं राबवलेला अभिनव उपक्रम' असा रकाना होता. गेली दोन वर्षं तिथं मी वृक्षारोपण लिहीत होतो, त्याच त्या रोपांचं. "हितं हे लिवा," बाई म्हणाल्या. "पाण्याच्या वारानं येळापत्रक. समितीला लई आवडंल." प्राचार्यांचा चेहरा उजळला. मग हळूच म्हणाले, कल्पना प्राचार्यांची असं लिहिलं तर बरं दिसेल. बाई म्हणाल्या, "लिवा की. पोरी बसतील ना?"

पोरी बसणार असं ठरलं. बाईंची सगळी कोष्टकं, त्यांची वाक्यं, प्राचार्यांच्या नावानं अहवालात गेली आणि अहवाल कॉलेजच्या वेबसाइटवर चढला. मीच चढवला.

पंधरा दिवसांनी बाईंनी पदवीसाठीचा शोधप्रकल्प त्या लांबच्या विद्यापीठाला पाठवला. विषय अर्थातच तोच. तिथल्या संगणकानं तो तपासला आणि सांगितलं, हे एका प्राचार्यांच्या लेखनावरून जसंच्या तसं उचललं आहे. मास्तरांनी स्वतः फोन केला. बिचारे रडकुंडीला आले होते. काम मूळ तुमचंच आहे असं कॉलेजच्या लेटरहेडवर, प्राचार्यांच्या सहीनं पत्र पाठवा, ठरलेल्या तारखेच्या आत, म्हणजे पदवी मिळेल, असं त्यांनी सांगितलं.

मी तावातावानं उठलो. "मी आत्ता आत जातो आणि पत्र घेऊन येतो."

"बसा," बाई म्हणाल्या. "पोरींची हॉल तिकिटं अजून त्यांच्याच टेबलावर हायेत. आता त्यांचं नाव काढून घेतलं तर त्यांना परत नियम आठवंल."

"मग कधी?"

"पोरी पेपराला बसू द्या. मंग बघू."

मी परत बसलो. मला ते सोयीचंही होतं, खोटं कशाला बोलू.

पहिला पेपर शुक्रवारी होता. आमच्या विद्यापीठाच्या परीक्षेच्या तारखांवर कॉलेजचा उपक्रम चालत नाही, आणि शुक्रवार म्हणजे काय हे माझ्या ध्यानातही आलं नाही. मी परीक्षेचा वरिष्ठ पर्यवेक्षक. अकराही जणी वेळेत आल्या, बसल्या. पुरवण्या कमी पडल्या म्हणून मी ऑफिसात धावलो तर बाईंची खुर्ची रिकामी. इतक्या वर्षांत मी ती रिकामी पाहिली नव्हती. रजेचा अर्ज नाही, निरोप नाही. मशीनवर त्यांच्या नावापुढं गैरहजर.

पेपर सुटल्यावर रसायनाच्या वहीवाल्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, "बाई आमच्या ड्रमांपाशी हायेत ना. सकाळी सातलाच आल्या. म्हणल्या, तुमी जा, मी बघते."

मी स्कूटर काढली. टँकर नुकताच आला होता. बाईंनी पदर खोचला होता, पाइप दोन्ही हातांनी धरला होता आणि टँकरवाल्याला घाई करू नको म्हणून दरडावत होत्या. पाच ड्रम भरले होते, सहावा चालू होता. पावलांपासून गुडघ्यांपर्यंत चिखल. मी म्हणालो, "बाई, पोरी बसल्या. आता कोण काय करतंय? दुपारीच पत्र घेतो आणि पाठवतो."

"मुदत काल संपली, सर," त्या म्हणाल्या. ड्रम काठोकाठ भरला तसा त्यांनी पाइप पुढच्या ड्रमात टाकला, आणि कमरेवर हात ठेवून हळूच सरळ झाल्या. "धरा जरा. अजून पाच राह्यलेत."

मी पाइप धरला.