बाळाच्या तोंडाचं बटण

मी मशीनला हात लावला नव्हता. पाटकरअण्णांना सांगितलं, त्यांच्या बायकोला सांगितलं, जिन्यात भेटेल त्याला सांगितलं. एकानं विश्वास ठेवला असेल तर शपथ! का? तर मी चौथी पास. बटणांवरची चित्रं मला काय कळणार!

झालं होतं असं. भाईंदर पश्चिमेला आमची चार मजल्यांची बिल्डिंग, अण्णा तिचे सेक्रेटरी. आमचे सार्वजनिक गणपती उद्यावर आलेले आणि मखराचे पांढरे पडदे अण्णांच्या कोऱ्या वॉशिंग मशीनमध्ये अडकलेले. दार उघडेना, बटणं ऐकेनात. अण्णांनी जिन्यात उभं राहून जाहीर केलं, "ज्यानं हे केलं, त्याच्या घरचे मोदक यंदा बाप्पाला नाहीत!" आणि बघितलं माझ्याकडे.

पहिल्या दिवसाचे उकडीचे मोदक बिल्डिंग झाल्यापासून माझ्या हातचे. तो मान गेला तर राहिलं काय?

म्हणून आता सगळ्यांचंच काढते. चित्रांचे असले किस्से आमच्या बिल्डिंगमध्ये पायपुसण्याखालच्या धुळीसारखे साठलेत. झटकायला घेतलं की संपत नाहीत!

*

दुसऱ्या मजल्यावरच्या ज्योत्स्नाबेनच्या मुलानं मायक्रोवेव्ह आणला. त्यावर एक बर्फाच्या चांदणीचं चित्र. बर्फ वितळवायचं ते बटण. ज्योत्स्नाबेन मला हात धरून दाखवायला घेऊन गेल्या. "देखो, बरफ का फोटू! गरम भी करेगा, ठंडा भी करेगा!"

त्या दिवशी त्यांचे व्याही जेवायला. बाईंनी केशराचं श्रीखंड काचेच्या भांड्यात घालून गार करायला आत ठेवलं आणि चांदणी दाबली. बाहेर काढलं तर पिवळं, पातळ, वाफाळतं. व्याही पाटावर बसलेले!

ज्योत्स्नाबेन हलल्यासुद्धा नाहीत. वरून जिऱ्याची फोडणी घातली आणि वाट्या भरल्या.

व्याह्यांनी दोनदा मागून घेतली. म्हणाले, "बेन, कढी तो तुम्हारे घर की!"

*

आमच्या शेजारच्या नलूची इस्त्री. तिच्या चक्रावर एक ठिपका, दोन ठिपके, तीन ठिपके. ठिपके जास्त तशी इस्त्री गरम, एवढं साधं.

पण नलूनं आपला हिशोब लावला. एक ठिपका मुलीचा, दोन स्वतःचे आणि तीन नवऱ्याचे. नवऱ्याचा टेरिलिनचा शर्ट तीन ठिपक्यांवर ठेवला. इस्त्री उचलली तर पाठ इस्त्रीबरोबर वर आली!

नवरा ओरडला, "मलाच तीन ठिपके कशाला?"

नलू म्हणते, "घरातले कर्ते तुम्ही. एक ठिपका दिला असता तर चाललं असतं का?"

*

आमच्या घरचंही झाकून ठेवत नाही. एका सकाळी टीव्हीवर भोंग्याचं चित्र आलं आणि त्यावर फुली. आमचे हे रिमोटवर बसले होते, दुसरं काही नाही. पण ह्यांनी टीव्हीला चारी बाजूंनी थापट्या मारल्या, वायरी उपटल्या, परत खोचल्या आणि डोक्याला हात लावून बसले. "आवाज गेला गं!"

मी म्हटलं, "जाऊ दे. दोघांतल्या एकाचा तरी गेला!"

*

आता खुद्द अण्णांच्या घरचं. त्यांच्याकडे एसी आला. रिमोटवर चंद्रकोर, झोपताना दाबायची. त्या महिन्यात संकष्टीला आभाळ भरलेलं. अण्णांची आई, आम्ही आजी म्हणतो, ऐंशीच्या पुढच्या, दिवसभर उपाशी आणि चंद्र दिसल्याशिवाय जेवणार नाही म्हणून हटून बसलेल्या.

अण्णांना वाटलं, आपण फार हुशार. रिमोट आईसमोर धरला. "आई, हा बघ उगवला. चल जेवायला."

आजींनी चष्मा लावला, निरखून बघितलं, हात जोडले आणि पळीभर नाही, तांब्याभर अर्घ्य त्या रिमोटवर ओतलं!

अण्णा किंचाळले. आजी शांतपणे पाटावर बसत म्हणाल्या, "तुझा चंद्र पाण्यानं विझतो, त्याला मी काय करू?"

*

तर त्याच अण्णांचं हे मशीन. पडद्यांपासून त्याचा मुहूर्त करायचा ठरलं. बायका सगळ्या जमल्या. मी होते, पण माझे दोन्ही हात पडद्यांच्या पिशव्यांत. मशीन सुरू झालं, हळदकुंकू वाहिलं, आरती झाली. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, पावडरच घातली नाही! थांबवायला गेलो तर एकही बटण ऐकेना. अण्णांनी वायर उपटली, परत लावली. पडदे आत, पाणी आत, दार बंद. आणि मशीनजवळ उभी कोण? मी!

संध्याकाळी मेकॅनिक आला. अर्धी बिल्डिंग त्याच्या मागे. पहिल्या मजल्यावरची वैशाली सावे तर तान्ही ओवी खांद्यावर झोपलेली, तरी आली. मेकॅनिकनं फडक्यानं एक बटण पुसलं. खालून बाळाचं हसरं तोंड निघालं.

"चाइल्ड लॉक है. बच्चे लोग बटन से खेलें नहीं, इसलिए. किसी ने जोर से दबा के रखा. ये कुंकू किसने लगाया?"

आजी पुढे आल्या.

"मी लावलं. सगळ्या मशीनला लावलंत आणि बाळाचं कपाळ तेवढं मोकळं! दृष्ट लागली असती. नीट उठावं म्हणून अंगठा दाबून धरला. काही चुकलं?"

कोण म्हणणार चुकलं? आजी हातातली काठी नुसती टेकायला वापरत नाहीत!

मेकॅनिकनं बटण परत दाबून धरलं, पाणी काढलं, पडदे बाहेर आले. अण्णा टाळ्या वाजवून म्हणाले, "चला, मिटलं! वहिनी, मोदकांचं बघा आता."

"मिटलं कसं?" मी पदर खोचला. "जिन्यात सगळ्यांसमोर माझ्याकडे बघून बोललात ना? आता सगळ्यांसमोर नाव घ्या. कुणी केलं ते तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी उकड काढणार नाही. बाप्पाला बिस्किटं दाखवा!"

अण्णांनी आजींकडे बघितलं. आजींनी काठी या हातातून त्या हातात घेतली. अण्णांनी बायकोकडे बघितलं, ती पडदे पिळायला लागली. मग त्यांची नजर सगळ्यांवरून फिरत फिरत वैशालीच्या खांद्यावर थांबली.

घसा खाकरला आणि म्हणाले, "मेकॅनिकनं सांगितलंच आहे, चाइल्ड लॉक. तेव्हा कमिटीच्या मते यात दोष एकाच व्यक्तीचा. कुमारी ओवी सावे, वय चार महिने."