परक्या प्रभागातल्या चार संध्याकाळी

"म्हातारा बारा दिवस दुसऱ्याच्या प्रभागात मतं मागत फिरला आणि आपल्या प्रभागात एकवीस मतांनी पडला."

हे वाक्य सध्या बदलापुरात फिरते आहे. पहिल्यांदा ते मी सलूनच्या खुर्चीत ऐकले. बोलणाऱ्याला साबणाखालचा चेहरा ओळखू आला नाही. नंतर कुळगावातल्या एका हळदीच्या जेवणात ऐकले; तिथे बोलणाऱ्याने मला ओळखले होते, आणि म्हणूनच आवाज थोडा चढवला होता. तिसऱ्यांदा ते माझ्याच घरात, माझ्या मुलाच्या तोंडून आले. पहिल्या दोघांशी मी जागच्या जागी भांडलो. तिसऱ्यासाठी हे लिहितो आहे.

वाक्यात खरे किती ते आधी सांगतो. मी एकवीस मतांनी पडलो, हे खरे. लोक ज्या आळीविषयी बोलतात तिथे गेलो, हे खरे. ती आळी आता माझ्या प्रभागात नाही, हेही खरे. बाकी सगळे खोटे आहे, आणि त्या खोट्याची सुरुवात आकड्यापासून होते. बारा दिवस नव्हे, चार संध्याकाळी.

मागच्या निवडणुकीत मी नगरसेवक झालो तो त्या आळीच्या जोरावर. नाल्याच्या कडेने वळत गेलेली चाळीसएक घरांची आळी. निम्मी घरे बौद्ध कुटुंबांची, निम्मी पूर्वी शेती करणाऱ्यांची. आमची मुदत संपली, पुढची निवडणूक काही वर्षे झालीच नाही, प्रशासक आले. अखेर निवडणूक लागली तेव्हा प्रभागांच्या सीमा बदललेल्या होत्या. आळी शेजारच्या प्रभागात गेली आणि तिच्या बदल्यात मला तीन टॉवर मिळाले.

त्या टॉवरांत मी प्रचार केला नाही असे म्हणणाऱ्याने तिथल्या वॉचमनची वही उघडून पाहावी. पहिल्याच दिवशी त्याने मला अडवून विचारले, "किसके यहाँ जाना है?" मी म्हणालो, "सब के यहाँ." तो म्हणाला, "एक फ्लॅट नंबर बोलो." मी शेजारच्या टॉवरमधल्या ओळखीच्या माणसाचा नंबर सांगितला, तो या टॉवरमध्ये निघाला नाही. शेवटी सोसायटीच्या अध्यक्षांनी लॉबीत दहा मिनिटे दिली. मी पाण्याविषयी बोलायला गेलो, त्यांनी पार्किंगविषयी विचारले, आणि प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी मला अंकल म्हटले. त्या दिवसांत माझे चित्त थाऱ्यावर नव्हते, हे मी नाकारत नाही. लिफ्टने वर जायचे, जिन्याने एकेक मजला उतरत यायचे, खाली आल्यावर वाटायचे की मधला एखादा मजला राहिला. एका दारावर मी दोनदा बेल वाजवली, हेही कोणीतरी माझ्या मुलापर्यंत पोहोचवले आहे. सातव्या आणि आठव्या मजल्यावरच्या दारांत फरक दाखवणाऱ्याचा मी जाहीर सत्कार करीन.

आता त्या चार संध्याकाळी.

आळीत पाण्याची मोठी वाहिनी आणण्याचा ठराव माझ्या मुदतीत झाला होता. वाहिनी आळीच्या तोंडापर्यंत आली आणि आमची मुदत संपली. तेव्हापासून ती तिथेच आहे. आळी दुसऱ्याच्या प्रभागात गेल्यावर नवा नगरसेवक काय म्हणेल, हे मला माहीत होते, कारण मी निवडून आलो तेव्हा मीही तेच म्हणालो होतो: आधीच्याने काही केलेच नाही. म्हणून ठरावाची प्रत, आराखडा आणि माझी तीन पत्रे यांच्या मी झेरॉक्स काढल्या आणि घरटी एक संच दिला. नुसता दिला नाही, समजावून दिला. माणसे कामावरून सातनंतर घरी येतात आणि एका घरात पाव तास जातो. चार संध्याकाळी लागल्या त्या यामुळे. लांबून बघणाऱ्यांना दारोदार कागद वाटणारा उमेदवार दिसला आणि त्यांनी त्या कागदांची पत्रके केली. माझ्या छातीवर कपबशीचा बिल्ला होता, हे मान्य. कपबशी माझी निशाणी होती आणि बिल्ला काढायचे मला सुचले नाही.

लोक सांगतात की मी नवी सीमा विसरलो होतो, पहिल्या संध्याकाळी आळीतल्या एका म्हातारीने मला चूक दाखवली आणि मी पांढरा पडलो. म्हातारी खरी आहे. मला ती आजही नगरसेवक म्हणूनच हाक मारते. तिने ओट्यावर खुर्ची ठेवली आणि म्हणाली, "नगरसेवक, तुमची कपबशी आमच्या मशीनवर नाय. उगा पाय कशाला झिजवता?"

मी म्हणालो, "मावशी, मत मागायला आलोच नाही."

"मग पयलेच उमेदवार तुमी," ती म्हणाली. "बसा. मशीनवर नसली तरी च्या कपबशीतच देते."

मी हसलो, चहा घेतला आणि पिशवीतून पहिला संच काढला. याला पांढरे पडणे म्हणत असतील तर म्हणोत.

एक गोष्ट मात्र मीच सांगतो, कारण ती दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही. संच वाटण्यासाठी चार संध्याकाळी लागल्या, पण बहुधा तीनही पुरल्या असत्या. तिथे मला खुर्ची मिळत होती. तिथे मला कोणी अंकल म्हणत नव्हते. चौथ्या संध्याकाळी मी टॉवरमध्ये असतो तर एकवीस मतांची तूट भरून निघाली असती का, हा हिशेब मी अनेकदा मांडला आहे आणि दर वेळी उत्तर वेगळे येते. हा दोष माझा. पण तो विसराळूपणाचा दोष नाही.

माझा मुलगा उल्हासनगरला एका फर्निचरच्या दुकानात कामाला आहे. हे वाक्य तिथपर्यंतही पोहोचले. त्याच्या सिंधी शेठने, वाईट हेतूने नव्हे, त्याला बाजूला घेऊन अंबरनाथ पश्चिमेच्या एका डॉक्टरचा पत्ता दिला. स्मरणशक्तीचा डॉक्टर. मुलगा त्या संध्याकाळी माझ्यासमोर बसला आणि बराच वेळ मोबाईलशी चाळा करत राहिला. मग त्याने विचारले की पहिल्याच दिवशी त्या आजीने हा आपला वॉर्ड नाही म्हणून सांगितले होते ना. मी म्हणालो, सांगितले होते. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा का गेलात, असे त्याने विचारले. मी त्याला म्हणालो की यातच उत्तर आहे. चुकून गेलेला माणूस सांगितल्यावर परत जात नाही.

तो खाली बघत म्हणाला, "तुम्ही रोज विसरत होतात, बाबा."

पन्नास वर्षे मी माणसांशी वाद घातला आहे. कारखान्याच्या गेटवर, सभागृहात, लग्नांच्या मांडवांत. इतका बिनतोड युक्तिवाद माझ्यासमोर कोणी केला नव्हता. ठरावाचा संच दाखवला असता तर तो म्हणाला असता की झेरॉक्स काढल्या, पण आळी कोणाची ते विसरलात. मावशीला साक्षीला आणले असते तर म्हणाला असता की ती तुमचे मन राखते आहे. मी उठून बाहेर गेलो आणि स्टेशनपर्यंत चालत जाऊन परत आलो. घरी आल्यावर दार सुनेने उघडले, आणि तिने आधी माझ्या पायांतल्या चपला जोडीच्या आहेत ना ते पाहिले. तेव्हापासून या घरात मी बाहेर निघालो की कोणीतरी कुठे चाललात ते विचारते, आणि परत आलो की कुठे गेला होतात ते विचारते. दोन्ही उत्तरे जुळतात का, ते ताडून पाहिले जाते.

सोमवारी डॉक्टरची वेळ घेतली आहे. मी जाणार आहे. आज वार कोणता, शंभरातून सात वजा करत खाली या, असे काय विचारतील त्याची उत्तरे देईन. मुलगा शेजारी बसलेला असेल. त्याच्यासमोरच मी एक गोष्ट सांगणार आहे. ती आजवर घरात सांगितली नाही, कारण त्या प्रकरणात मी हरलो होतो आणि हरलेले मी घरी आणत नाही. निवडणुकीच्या कितीतरी आधी, नव्या सीमांचा कच्चा आराखडा फलकावर लागला तेव्हा, ही आळी माझ्या प्रभागातून काढू नये अशी लेखी हरकत एकाच माणसाने दिली होती, आणि तिच्या सुनावणीच्या हजेरीपत्रकावर हरकतदार म्हणून एकच सही आहे, ती माझी.