दाणीच्या टोकावर

आमचा फोटो स्टुडिओ सिंदेवाहीत बसस्टँडच्या मागच्या गल्लीत होता. एका पावसाळ्यात हे तापानं गेले, तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. मूलबाळ नव्हतं. विहारातल्या बायका सुरुवातीला रोज येऊन बसायच्या, मग धानकापणी लागली आणि त्याही आपापल्या कामाला लागल्या. दीर म्हणाले, "वहिनी, दुकान बंद करून टाका." मी केलं नाही. आठ वर्षं डार्करूम मीच सांभाळत होते. कॅमेरा मात्र स्टुडिओच्या बाहेर कधी नेला नव्हता.

पौषात चिमूरकडच्या एका गावाहून शंकरपटाच्या कमिटीचे दोघे आले. बैलजोड्यांच्या शर्यतीचे फोटो दरवर्षी हेच काढायचे.

"भाऊ नाईत, ठाव हाये आमाले," एकजण दारातूनच म्हणाला. "दुसरा कोणी फोटोवाला सांगता का, बाई?"

"मी येते," मी म्हटलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "पटात बाई?" एकजण पुटपुटला. दुसरा म्हणाला, "येऊ दे ना. पाहू."

बैल धावतात त्या पट्टीला आमच्याकडे दाण म्हणतात. ती कुठं संपते, हे कुठं उभे राहायचे, सगळं मला ठाऊक होतं. ह्यांच्या निगेटिव्ह मीच तर वाळवल्या होत्या. शेवटच्या रेघेसमोर, मोहाच्या झाडाला पाठ लावून. झाड सापडलं. मी गळ्यात कॅमेरा अडकवून तिथं उभी राहिले, तशी आजूबाजूची माणसं दोन-दोन हात मागं सरकली. बाईमाणूस म्हणून. एवढ्या रेटारेटीत माझ्याभोवती तेवढी जागा रिकामी. पलीकडच्या बांधावर बायका पोराबाळांना घेऊन बैलबंड्यांत बसल्या होत्या. त्यातल्या एकीनंही मला हात केला नाही.

आमच्या कॅमेऱ्यात वरून खाली वाकून पाहावं लागायचं. त्याच्या काचेत सगळं उलट दिसतं. बैल डावीकडून सुटायचे आणि काचेत उजवीकडून यायचे. पहिले दोन-तीन फोटो त्यातच वाया गेले. मग हात बसला.

शेवटची जोड लागली तेव्हा सूर्य झाडांमागं गेला होता. एकीकडे पांढरी जोडी, दुसरीकडे कबरी. कबऱ्या जोडीचा धुरकरी, म्हणजे छकडा हाकणारा, साठीचा होता. मी भिंग पूर्ण उघडलं आणि श्वास धरला. आरडाओरडा जवळ आला, धूळ आली, मी बटण दाबलं. पुढच्याच क्षणी पांढऱ्या जोडीवर गुलाल उधळला गेला.

"आमची पुढं होती," म्हातारा धुरकरी एकदाच म्हणाला.

"झाला ना निकाल! आता काऊन बोलून राह्यले?" कमिटीतल्या कुणीतरी त्याला गप्प केलं. तो बैलांच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

दुसऱ्या दिवशी लाल दिव्याखाली तो फोटो उमटायला लागला. आधी चुन्याची रेघ, मग खूर. जरा हललेला होता, पण स्पष्ट होतं. कबऱ्या जोडीचे पुढचे पाय रेघेपलीकडे आणि पांढरी जोडी अर्धं अंग मागं.

"अहो, पाहा तरी!" मी मोठ्यानं म्हटलं.

आणि तशीच उभी राहिले. कागद ट्रेमध्ये काळा पडला. दुसरा करावा लागला.

सगळे फोटो घेऊन मी कमिटीकडे गेले. मुख्य माणसानं तो फोटो उजेडात धरून बराच वेळ पाहिला. "निकाल बदलत नसते, बाई," तो हळूच म्हणाला. "हा एवढा तुमच्यापाशीच ठेवा." मी वाद घातला नाही. ह्यांनी घातला असता का, तेही मला सांगता येईना. धुरकऱ्याचं गाव विचारून घेतलं आणि धानाच्या बांध्यांमधून चालत निघाले.

तो गोठ्यात बैलांना कुटार टाकत होता. फोटो हातात घेतल्यावर आधी बैलांची तोंडं पाहिली, मग रेघ.

"मले ठाव होता," तो म्हणाला. "मी जोडीच्या मागंच होतो ना. मले नाई दिसन तं कोणाले दिसन?"

"कमिटीला दाखवला मी. नाही म्हणाले."

"जाऊ द्या. तुमी पाह्यलं ना, बाई? मले वाटे, पाहणारा मी एकटाच हावो."

त्याच्या बायकोनं चहा केला. घोटभर पिऊन निघाले. फाट्यावर बसची वाट पाहताना मला रडू फुटलं. हे गेले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं, धड रडताही आलं नव्हतं. इथं दोन्ही बाजूंना धान कापलेली शेतं आणि रस्त्यावर कुणी नाही. बस आली तेव्हा कंडक्टरनं खिडकीजवळची जागा दाखवली.

त्या कमिटीनं मला पुन्हा कधी बोलावलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात मात्र म्हातारा दुकानात आला. मुलीचं लग्न होतं. "फोटोवाले लय हायेत," तो म्हणाला, "पण आमच्या घरी बाईच पाहिजे." मग त्याच्या भावकीत, मग शेजारच्या गावांत, अशी कामं मिळत गेली. दुकान चाललं. संध्याकाळी परत येऊन मी रोल धुवायला बसायची. नवरीचा एखादा चेहरा छान उमटला की अजूनही तोंडून "अहो" निघायचं. पुढं पुढं मी ते अडवणं सोडून दिलं.