दुर्बिणीतलं जाळं

आमच्या आत्याबाईंनी रेल्वेच्या साहेबाची दुर्बीण चिंच लावून घासली, त्या वर्षी कापसाला सोन्याचा भाव होता. हा किस्सा मी आजवर इतक्या पंगतींत सांगितला आहे की मला त्याचा कंटाळा आला आहे. नातेवाइकांना मात्र येत नाही. आता एकदाचा लिहूनच ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी कागद पुढे करता येईल आणि मला निवांत जेवता येईल.

तेव्हा सातासमुद्रापलीकडे कुठेशी लढाई जुंपली होती आणि तिच्यापायी वऱ्हाडातल्या कापसाला असे दिवस आले होते की, लोक बैलगाडीच्या चाकांना चांदी मढवायच्या गोष्टी करत. पगारी माणसाचे मात्र हाल! ज्वारी चढली, तूप चढलं, पगार तेवढा होता तिथेच बसून राहिला. मी अकोल्यात रेल्वेची वाट मोजणाऱ्या साहेबाकडे कारकून होतो. इंग्रजी शिकलेला आणि कायम दमलेला. दमलेला, कारण मेहुण्यांनी आमच्या गाद्या उसवून त्यांतला जुना कापूससुद्धा विकायला नेला होता आणि मी चटईवर झोपत होतो.

हे मेहुणे म्हणजे मोर्शीचे भाऊराव, माझ्या बायकोचे थोरले बंधू. कापसात गब्बर झालेले. नजर घारीची, तरी सोन्याच्या काड्यांचा चष्मा लावत (आणि पाहायचं असलं की त्याच्यावरून पाहत). भेटले की एकच पालुपद, "जवाईबापू, काहून त्या साहेबामागं उनात हिंडून राह्यले? सोडा नोकरी. माह्या काट्यावर बसा, कापूस जोखा."

मेहुण्याच्या काट्यावर बसून मेहुण्याचा कापूस जोखायचा! त्यापेक्षा मोर्णा नदीत बसलेलं बरं. नोकरी टिकवणं हा माझ्या लेखी पोटाचा नव्हे, अब्रूचा प्रश्न होता.

नवरात्रात साहेब कामासाठी अमरावतीला निघाला. तंबूत ओल आली होती आणि ओलीनं दुर्बिणीच्या काचांना बुरशी धरते, म्हणून जमिनीचा चढउतार मोजायची ती दुर्बीण त्यानं पेटीसकट माझ्या घरी ठेवायला दिली. सोबत धूळ झटकायला मऊ केसांचा कुंचला आणि पुसायला हरणाचं कातडं. मग बोट उगारून म्हणाला, "काच को हाथ नहीं लगाना. फूंक नहीं मारना. साफ है तो साफ नहीं करना!"

साफ असलेली वस्तू साफ करायची नाही, हे वाक्य मी घरी येऊन आत्याबाईंना सांगितलं. त्या माझ्या वडिलांच्या बहीण, वलगावच्या. लहानपणापासून मला, म्हणजे त्यांच्या बापूला, त्यांनीच वाढवलं. साफ असलेली वस्तू पुन्हा साफ करणं यालाच त्या संसार म्हणत.

"बरं," एवढंच त्या म्हणाल्या. मी तिथेच सावध व्हायला हवं होतं!

खंडेनवमीला घराघरांत हत्यारांची पूजा होते. शेतकरी विळे-कोयते मांडतो, आमच्या घरात माझा बोरू आणि दौत मांडत. यंदा घरात पितळेची, हातभर लांब, विलायती वस्तू असताना देवापुढे बोरू मांडायचा? छे! बायको म्हणाली, "दुर्बीण मांडू या ना. शेजारच्या बाया पायतील तरी." खरं सांगायचं तर मलाही ते पटलं. "लांबून एक फूल वाहा," असं बजावून मी कचेरीत गेलो.

दुपारी परत आलो तर देवघरातून उजेड येत होता. समईचा नव्हे, दुर्बिणीचा! साहेबानं उन्हात डोळ्यावर तिरीप येऊ नये म्हणून जिचं पितळ मुद्दाम काळपट ठेवलं होतं, ती दुर्बीण लग्नातल्या घागरीसारखी लखलखत होती. पुढच्या काचेवर मधोमध कुंकवाचा टिळा, डोळ्याकडच्या टोकाला कुंकवाची बोटं. आणि सगळ्या अंगाला दह्याचा वास.

"आत्याबाई, हे काय केलं?"

"काय केलं म्हंजे? चिंच-राखेनं घासली, पंचामृत घातलं, पुसली. पितळ किती काळं पडलं व्हतं!"

"कातड्यानं पुसली ना?"

"शिव शिव! देवघरात चामडं? कुत्र्यापुढं टाकलं मी ते."

"मग कापसानं तरी?"

"कापूस? या घरात? वाती बी जुन्या धोतराच्या करून राह्यलो बाप्पा!"

म्हणजे कापसाच्या वऱ्हाडात, कापसाच्या सुगीत, काच पुसायला बोटभर कापूस नव्हता. माझ्या जुन्या धोतरानं ती पुसली होती. काचेवर ओरखडा नव्हता (माझं धोतर तोवर इतकं विरलं होतं की ओरखडा काढायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं). जरा धीर आला. कुंकू पुसलं आणि डोळा लावून पाहिलं. समोरचं कडुलिंबाचं झाड स्वच्छ दिसलं. फारच स्वच्छ दिसलं.

त्या दुर्बिणीत डोळ्याशी, फिरकीच्या झाकणाआड, एक कडं होतं. त्यावर एक उभा आणि एक आडवा असे दोन केसाहून बारीक धागे ताणलेले. आडवा धागा पाहूनच साहेब जमिनीची पातळी धरी. ते धागे कशाचे, हे त्यानं मला मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं. कोळ्याच्या जाळ्याचे! तेवढा बारीक आणि चिवट धागा माणसाला काढता येत नाही म्हणे.

"आत्याबाई, तुम्ही ही फिरकी उघडली होती?"

"मंग? भांडं आतून घासल्याबिगर शुद्ध होते काय? अन बरं झालं उघडली. आत कोळ्याचं जाळं व्हतं! एवढा मोठा साहेब, अन त्याच्या घरी झाडू मारणारं कोनी नाही. काढून टाकलं मी."

 डोळ्यांपुढे काटा दिसायला लागला. काट्याच्या एका पारड्यात कापूस, दुसऱ्या पारड्यात मी.

आता कोळी हवा होता. पण नवरात्र! घट बसायच्या आधी आत्याबाईंनी आढ्यापासून उंबऱ्यापर्यंत घर झाडलं होतं. शेजारी गेलो आणि विचारलं, "वहिनी, तुमच्याकडे कोळ्याचं जाळं आहे का हो?"

आज इतक्या वर्षांनी कळतं की सणाच्या तोंडावर गृहिणीला हा प्रश्न विचारू नये. "आमच्या घरी जाळं? तुमच्याच घरी असन! दारिद्र्याचं लक्षण मेलं!" असं म्हणून तिनं दार लावलं. पुढच्या दारी हीच शोभा. त्यापुढच्या दारी केरसुणी दिसली, म्हणून विचारलंच नाही.

दसऱ्याला सोनं द्यायला भाऊराव मोर्शीहून हजर! सगळी हकिकत ऐकून त्यांनी चष्म्यावरून दुर्बीण पाहिली, चष्म्यावरून मला पाहिलं आणि आपट्याची पानं हातावर ठेवत म्हणाले, "मंग कवा येऊन राह्यले काट्यावर?"

तेवढ्यात आतून आत्याबाई माझ्या बायकोला म्हणाल्या, "जाळं बापूच्या इंग्रजी पुस्तकाईवर पाय ना. चामड्याची पुठ्ठी हायेत, मी नाही शिवत. अन नोकरी लागल्यापासून तो बी नाही शिवत."

पुस्तकांची फळी गाठली. माझ्या विद्येवर कोळ्यांचं अख्खं गोत्र नांदत होतं!

बायकोनं काडीवर धागा गुंडाळून धरला, भाऊरावांनी कडं धरलं आणि मी श्वास रोखून लाखेच्या थेंबानं धागे चिकटवले. उभा ठीक बसला. आडवा किंचित कलला असं मला वाटलं. भाऊरावांना विचारलं. त्यांनी जन्मात पहिल्यांदा चष्म्यातून पाहिलं आणि म्हणाले, "सरळ हाये." भाऊरावांचं पाऊल बाहेर पडतं तोच दुर्बीण न्यायला साहेबाचा चपराशी दारात उभा!

अमरावतीहून परतलेल्या साहेबानं तंबूत पेटी उघडली. पितळेच्या लखलखाटानं त्याचे डोळे दिपले. "यह चमकता क्यों है?"

"साहेब, पूजा," मी म्हणालो.

 मग दमल्या आवाजात काजळी फासायचा हुकूम सोडून त्यानं दुर्बिणीला डोळा लावला.  "ठीक है," म्हणून त्यानं मान वर केली, आणि डोळ्याभोवती कुंकवाचं गोल, ठसठशीत कडं! फिरकीच्या खाचेतलं, आत्याबाईंच्यानंही न निघालेलं कुंकू साहेबाच्या घामानं उतरलं होतं. सगळे चपराशी जमीन न्याहाळू लागले. मीही न्याहाळली. संध्याकाळपर्यंत साहेब तसाच हिंडला आणि माझी नोकरी टिकली.

पुढे लढाई संपली, कापूस कोसळला, रेल्वे आली. परवा आत्याबाई, भाऊराव आणि मी आगगाडीनं बडनेऱ्याला निघालो. मूर्तिजापूरच्या पुढे गाडीला असा हिसका बसला की वरचं गाठोडं एकाच्या मांडीवर आलं. लोक रुळांना शिव्या देऊ लागले.

"रुळाईले काहून बोलता?" आत्याबाई अख्ख्या डब्याला ऐकू जाईल असं म्हणाल्या. "इथं आमच्या बापूचा कोळी वाकडा बसला व्हता."

सगळा डबा माझ्याकडे पाहू लागला. भाऊराव चष्म्यावरून बाहेर बघत राहिले. मला आता खराच चष्मा लागतो. तोंड लपवायला काहीतरी हवं म्हणून मी तो काढून पुसू लागलो.

"आन इकडं," आत्याबाई गाठोड्यात हात घालत म्हणाल्या, "चिंच हाये माह्यापाशी."

आणि मी दिला.