मध्ये गॅप दिसता कामा नये

आमच्या ऑफिसात जुन्या फाइली कोणी डिलीट करत नाही. 'लागेल कधीतरी' म्हणून सगळं साठत जातं आणि मग एक दिवस सर्व्हर मान टाकतो. किश्श्यांचंही तेच झालंय. चार माणसं जमली की मी एखादा काढते, लोक हसतात, मीही हसते. हल्ली मात्र कुठूनही सुरुवात केली तरी त्यातून भालेराव काकाच निघतात, आणि शेवटी हसू येत नाही. तरी सांगते.

ऑफिस म्हणजे नाशिकला द्वारकेजवळ, एका बॅटरीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. आम्ही लोकांच्या वेबसाइट बनवतो. माणसं पाचच. मालक पंकजसर, गिऱ्हाईक गाठून आणणारा रोहित, मी, खाली गेटपाशी वॉचमन सीताराम, आणि काका. पंकजसर शाळेत डबा नेत होते तेव्हापासून काका वेबसाइट बनवतायत.

त्यामुळे पद्धतही तेव्हाचीच! पान बनवायचं म्हणजे आधी टेबल आखायचं, रांगा आणि चौकटी, आणि एकेका चौकटीत एकेक गोष्ट मापून बसवायची. दोन गोष्टींत अंतर हवं असेल तर तिथे एक न दिसणारं, पारदर्शक चित्र ठेवायचं आणि हवं तेवढं ताणायचं. काकांच्या प्रत्येक पानात अशी शेकडो अदृश्य चित्रं असायची. सगळ्यांना मिळून फाइल एकच, नाव 'खाली', हिंदीतलं, म्हणजे रिकामं.

एकदा पिंपळगावच्या एका द्राक्ष एक्स्पोर्टरची साइट होती. काकांनी घाईत द्राक्षांच्या घडाचा फोटो नेमका त्याच 'खाली' नावाने सेव्ह केला. साइट उघडते तर काय, जिथे जिथे रिकामी जागा तिथे तिथे द्राक्षं! कुठे वीतभर लांब, कुठे पापडासारखी चपटी. फोन आला. काका घाम पुसत म्हणाले, "दहा मिनिटांत काढतो, शेठ."

तिकडून आवाज आला, "काढता कशाला? पॅकहाउसमधी सगळ्यांना दाखवली. लय भरल्यासारखी वाटती ना! राहू द्या!"

ती साइट दोन सीझन तशीच होती.

*

काकांनी ऑफिसात एक प्रथा पाडली होती. कुठलंही पान लाइव्ह करायच्या आधी सीतारामच्या फोनवर उघडायचं. सीताराम सुरगाण्याकडचा, साठीला टेकलेला. फोन इवलासा, काच कोपऱ्यातून तडकलेली. तो चष्मा लावून बोटाने पान वरून खालपर्यंत सरकवणार आणि "बसलं" म्हणणार. मगच साइट जगाला दिसणार. "बसलं" म्हणजे काही फोनच्या बाहेर जात नाही, काही कापलं जात नाही.

मालेगावचे एक लूमवाले शेठ साइट बघायला स्वतः आले होते. आपलं पान खाली गेटवर चाललंय हे बघून ते भडकलेच. "हमारी साइट वॉचमन पास करेगा?"

काका म्हणाले, "शेठ, आपके कारीगरों के पास कौनसा फोन है?"

सीतारामने चष्मा लावला, बोट फिरवलं आणि निकाल दिला, "नाय बसलं."

पान काकांचंच होतं. सगळ्यात जास्त वेळा नापास व्हायचे ते काकाच. टेबल मोठ्या स्क्रीनच्या मापाचं, ते फोनमध्ये मावणार कसं? पण काकांनी प्रथा कधी मोडली नाही.

*

आता पतसंस्थेचा किस्सा. एका पतसंस्थेचे चेअरमन वारले. साइटवर संचालकांचं पान होतं आणि मधोमध चेअरमनांचा फोटो. तो काढा, असा फोन आला. काकांनी काढला. पण टेबलच ते! फोटो गेला, चौकट तिथेच राहिली. दोन्हीकडे सुटाबुटातले हसरे संचालक आणि मध्ये पांढरंफटक भोक.

व्हाइस चेअरमन पंकजसरांवर खवळले. "सभासद विचारतायत, संस्थेत काय गडबड झाली? मध्ये गॅप दिसता कामा नये!"

सर तेच वाक्य घेऊन काकांच्या टेबलापाशी आले. काका म्हणाले, "माणूस गेलाय, सर. चार दिवस जागा दिसली तर काय बिघडलं?"

रोहित आणि मी तोंड दाबून हसलो. सर हसले नाहीत.

*

यानंतरचा किस्सा मी सहसा सांगत नाही, कारण त्यात तोंड माझं आहे.

संक्रांतीनंतर मीटिंग झाली. एका मोठ्या गिऱ्हाइकाने काम काढून घेतलं होतं. सरांनी विचारलं, "आपली पानं मोबाइलवर का फुटतात?" मी शहाणी! मी म्हटलं, "टेबलमुळे. आता कोणी टेबलात पान बनवत नाही."

मला वाटलं होतं, सर म्हणतील, सगळे मिळून नवीन शिका. सर काकांकडे वळले. "काका, अक्षय्य तृतीयेपर्यंत नव्या पद्धतीने, हाताने कोड लिहून एक पान करून दाखवा. सीतारामच्या फोनवर बसलं पाहिजे. नाहीतर मग आपण थांबू."

काका चोपन्न वर्षांचे. त्या वयात नाशकात दुसरीकडे कोण घेतंय? काका वहीत 'अक्षय्य तृतीया' लिहून खाली रेघ मारत होते आणि मी माझ्या चपलांकडे बघत होते. मी खोटं बोलले नव्हते. पण गप्प बसले असते तर माझं काय जात होतं?

*

प्रायश्चित्त म्हणून शिकवायचं काम मी अंगावर घेतलं. जेवणाच्या सुट्टीत डबे बाजूला सारून आम्ही बसायचो. नवीन पद्धतीत चौकटी मोजून बांधायच्या नसतात. 'एवढ्या जणांनी ओळ वाटून घ्या, एक गेला तर बाकीच्यांनी सरका, मावलं नाही तर खाली उतरा' असं फक्त लिहायचं, बाकीचं ब्राउझर बघतो. एवढी साधी गोष्ट, पण काकांच्या गळी उतरेना. ते फूटपट्टी स्क्रीनला लावायचे!

"अगं, मापच दिलं नाही तर तो बसवणार कुठे?"

"त्याचं तो बघतो, काका."

"आणि मी काय करायचं?"

मी फूटपट्टी उचलून बाजूला ठेवली.

दोन महिने ते रोज एकच ओळ पुसून पुन्हा लिहीत होते. रोहित येता-जाता म्हणायचा, "काका, जुना बैल नव्या शेतात!" काका हसायचे. एकदा त्यांच्या चष्म्याची काच आतून ओली दिसली. मी बघितलं नाही असं दाखवलं.

मग चैत्रात काकूंचा मला फोन. "अगं वैशाली, तू यांना काय शिकवलंयस? गच्चीवर उडदाचे पापड वाळत घातलेत. मी ओळीतला एक उचलला तर हे ओरडतात, बाकीचे सरकव, बाकीचे सरकव! वाळलेले पापड सरकवायचे असतात का?"

मी फोन ठेवला आणि टेबलावर डोकं टेकून हसले. काकांना समजलं होतं!

*

अक्षय्य तृतीयेच्या दोन दिवस आधी काकांनी पान दाखवलं. विषय त्यांनीच निवडलेला, 'आमची टीम'. एका ओळीत पाच चौकटी, पाच फोटो. सर, रोहित, मध्ये काका, मग मी आणि सीताराम. सीतारामच्या नावाखाली लिहिलं होतं 'टेस्टिंग विभाग'. टेबल कुठे नाही, 'खाली' नावाची फाइलही नाही. सगळा कोड हाताने लिहिलेला, आणि माझ्यापेक्षा नीटनेटका.

खाली सीतारामच्या फोनवर पाचही जण एकाखाली एक शहाण्यासारखे उभे राहिले. सीताराम आपला फोटो बघून लाजला. म्हणाला, "बसलं, काका. झ्याक बसलं."

काकांनी सगळ्यांना पेढे दिले, खालच्या बॅटरीवाल्यालाही. सरांनीही पेढा खाल्ला आणि "शाब्बास, काका" म्हणाले.

*

पावसाळ्यात सरांनी एक सॉफ्टवेअर घेतलं. त्याला साध्या शब्दांत सांगायचं, असं असं पान पाहिजे, की ते बनवून देतं. सीतारामच्या फोनवरही बसतं. सरांनी काकांना केबिनमध्ये बोलावलं. बाहेर आले तेव्हा काका एवढंच म्हणाले, "हाताने लिहायची आता गरज नाही म्हणे." आवाज अगदी नेहमीचा. मला सरांचा राग आला, आणि केबिनचं दार ढकलून आत जायला धजले नाही म्हणून स्वतःचा जास्त.

महिनाअखेरीला त्यांचा शेवटचा दिवस होता. दुपारी मला सरांचा मेसेज आला, 'टीम पेज अपडेट कर.'

मी ते पान उघडून बसले. मधली चौकट सापडली, फोटो, नाव, 'सीनियर डिझायनर'. जेमतेम दहा ओळींचा कोड. पण मी कर्सर नुसता वर-खाली फिरवत राहिले.

काका खणातलं सामान पिशवीत भरत होते. माझ्या स्क्रीनकडे त्यांचं लक्ष गेलं. फूटपट्टी पिशवीत टाकून ते माझ्या खुर्चीमागे आले.

"ऊठ. माझं पान आहे, मी करतो."

त्यांनी त्या दहा ओळी निवडल्या, पुसल्या, पान रिफ्रेश केलं. उरलेले आम्ही चौघं जरा जरा रुंद झालो आणि ओळ भरली. काकांनी सवयीने मान तिरकी करून दोन्ही कडा तपासल्या.

"बघ. मध्ये गॅप नाही."

मी लाइव्ह करायला हात पुढे केला तर त्यांनी अडवला. "सीतारामने कुठे बघितलंय अजून?"

आम्ही खाली गेलो. काकांच्या खांद्याला पिशवी होती. सीतारामने चष्मा लावला, बोटाने पान वरून खाली सरकवलं. मग पुन्हा वर नेलं, पुन्हा खाली आणलं.

"काका, यात तुम्ही नाय."

"ते सोड. बसलं का?"

सीतारामने चष्मा काढला. मग हळूच म्हणाला, "बसलं."

काकांनी पिशवी खांद्यावर नीट केली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "कर लाइव्ह."